गाण्याचा पंडुम

माझ्या दुकानात कोणी नवं माणूस आलं की मी आधी एवढंच विचारते, ऑटोवर लावायचं आहे की मांडवात? त्यावर रेकॉर्डिंग कसं करायचं ते ठरतं. ऑटोवरच्या आवाजाला हॉर्नमधून वाट काढायची असते, मांडवातला आवाज जेवायला बसलेल्या माणसांना घास अडकू न देता ऐकू जावा लागतो. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत माझी खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, खिडकी विटांनी बुजवली आहे. साड्यांच्या सेलपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळं मी या खोलीत रेकॉर्ड केलं आहे. वडिलांची भोंग्यांची सर्व्हिस होती, त्यांच्याकडून हा धंदा माझ्याकडे आला आणि भावांपैकी कोणाला नको होता म्हणून राहिला.

त्यालाही मी तेच विचारलं. अंगात कुरियरचं जाकीट, पाठीवर पार्सलांची चौकोनी पिशवी, आणि दारात असा उभा की आत येऊ की नको हे अजून ठरायचं आहे. म्हणाला, "आधी गावात ऐकवायचं हाय बाई. मंग बाकीचं पाहू."

गाव कोणतं, तर एटापल्लीच्याही पुढे. मी विचारलं, तिथे लाईट असते का? तर म्हणे, लाईट जाते-येते, कान हायेत. उलट उत्तर देणारी माणसं मला आवडत नाहीत, पण बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसली होती. म्हटलं, ये बाबा आत, पाणी पी. तो आत आला आणि पुढची काही वर्षं येतच राहिला.

त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि त्यात फार मोठं गुपितही नाही. पोस्टरवरचं त्याचं नाव दर हंगामाला बदलायचं. एकदा त्याने नदीचं नाव घेतलं, एकदा एका पक्ष्याचं, आणि एका वर्षी नुसता आपल्या गावाचा पिनकोड. रॅप करणारी शहरातली पोरं त्याला पिनकोड म्हणूनच हाक मारायची. मी विचारलं, अरे, एक नाव ठेव ना, लोक ओळखतील तरी. त्यावर तो हसला फक्त. ओळखलं जावं असं त्याला वाटायचं की नाही, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

रॅप म्हणजे तेव्हा मला भांडण वाटायचं. आमच्या वस्तीतली पोरं जयंतीला रॅप करायला लागली होती, एप्रिलमध्ये माझ्या दारात त्यांची रांग असायची. ती आत आली की आधी मोठ्याने ओरडून घ्यायची, मग सुरुवात करायची. याचं सगळं उलटं. याला नमनालाच घडाभर तेल लागायचं. आधी चपला बाहेर, मग पंखा बंद, मग हातपाय धुणं, मग गप्प. आणि सुरू झाला की चालायला लागायचा. माईकसमोर उभं राहून त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. गाणी तो पार्सलं वाटताना, जिने चढता-उतरताना रचायचा, लिहून काही ठेवायचा नाही, त्यामुळे पाय हलले तरच गाणं आठवायचं. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. मी चिडायची. म्हणायची, हे रेकॉर्डिंग आहे की वरात? शेवटी मी माईक छताच्या हुकाला मधोमध टांगला आणि तो त्याच्याभोवती गोल गोल फिरत गाऊ लागला. मळणीला जुंपलेला बैल फिरतो तसा. हे मी त्याला सांगितलं तर त्याला भारी आवडलं.

माडिया, मराठी, हिंदी, तिन्ही भाषा एका ओळीत यायच्या. मला अर्धंच कळायचं. पण कानाला इतकं कळतं की खोटं काय आहे, आणि त्याच्या गाण्यात खोटं नसायचं.

आंब्याचं सांगते. एका एप्रिलमध्ये तो उन्हातून लाल होऊन आला. मी घरून आणलेलं पन्हं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ग्लास हळूच बाजूला सरकवला आणि साधं पाणी मागितलं. मला राग आला. आमच्या घरचं पाणी न पिणारे लोक माझ्या आईने पाहिले होते, त्यामुळे असा सरकवलेला ग्लास माझ्या डोक्यात जातो. त्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. घाईघाईने म्हणाला, "तसं नाई बाई. आंब्याचा पंडुम झाला नाई अजून."

पंडुम म्हणजे सण. त्यांच्या गावात नवं फळ, नवं पीक कोणी आपलं आपण तोंडात टाकत नाही. गावाचा गायता, म्हणजे पूजा करणारा म्हातारा, आधी ते देवाला आणि मेलेल्या पूर्वजांना दाखवतो, मग सगळं गाव एकदम खातं. मी म्हटलं, अरे, हा आंबा तुमच्या गावचा नाही, गोल बाजारातला आहे. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, तोंड तं गावचंच हाय ना. पन्हं मी प्यायले.

मग लक्षात आलं की त्याला सगळ्याचाच पंडुम लागतो. स्टेजसाठी घेतलेले पांढरेशुभ्र बूट तो कितीतरी महिने पिशवीत घेऊन हिंडला. का, तर गावी जाणं झालं नव्हतं आणि बूट गावात दाखवले नव्हते. अनवाणी पायांनी कार्यक्रम केले. मी चिडवायची, लग्न कर बाबा, पण नवरी पिशवीत घेऊन हिंडू नको. गाण्याचंही तेच. ज्याच्यावरून गाणं सुचलं, ज्याचा शब्द किंवा चाल घेतली, त्याला ते आधी ऐकवायचं. कोळशाच्या धुळीवरचं गाणं त्याने आधी घुग्घुसला नेऊन एका म्हाताऱ्या खाण कामगाराला ऐकवलं. जिवतीच्या डोंगरावरच्या पाण्यावरचं गाणं तिथल्या बायांना ऐकवलं, त्यांनी एक ओळ बदलायला लावली, त्याने बदलली. मला ते हौस म्हणून बरं वाटायचं. धंदा म्हणून मात्र मी त्याला सांगायची, असं केलंस तर म्हातारा होशील तेव्हा तुझी पाच गाणी झालेली असतील. पालथ्या घड्यावर पाणी.

शहरात रॅपवाल्या पोरांच्या लढती व्हायच्या. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना गाण्यात शिव्या घालायच्या, ज्याच्या शिवीला जास्त आरडाओरडा तो जिंकला. एकदा मी साऊंड लावायला गेले होते. याच्यासमोर बल्लारपूरचा एक उंचापुरा पोरगा होता. त्याने याला जंगली म्हटलं, पाला नेसणारा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. पब्लिक खूश. याची पाळी आली. याने त्या पोराला गाण्यातच विचारलं, तू कोणत्या गावचा, तुझी माय काय रांधते, इतक्या लांब चालून आलास, पाय धुतलेस काय, बस, पाणी घे. त्यांच्याकडे रेला, म्हणजे नाचाची गाणी, गाताना दोन गावची पोरंपोरी एकमेकांना असे प्रश्न करतात म्हणे. पाव्हण्याला प्रश्न करायचे आणि पाणी द्यायचं. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कोणाला कळेना. परीक्षकांनी याला हरलेला ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो बल्लारपूरवाला माझ्या दुकानात आला आणि खाली मान घालून विचारू लागला, कालचा तो भाऊ इथी येते काय? तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली.

आता त्या गाण्याकडे येते.

त्याला लहानपणी त्याच्या मोठीमायने वाढवलं होतं. मोठीमाय म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तिचा एकुलता एक मुलगा आणि हा बरोबरीचे, एका ताटात जेवलेले. दोघं एका वर्षी गावच्या लोकांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेले. बारावीच्या परीक्षेसाठी हा मधूनच परतला. भाऊ म्हणाला होता, तू हो पुढे, मी तोड संपली की येतो. तोड संपली, टेम्पो भरून लोक परत आले, त्यात तो नव्हता. कोणी म्हणालं, दुसऱ्या टोळीबरोबर पुढच्या शेतावर गेला. पोलिसांत सांगून झालं, हा स्वतः दोनदा जाऊन शोधून आला. पोरगा काही मिळाला नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर फोन नाही.

ते गाणं या भावासाठी होतं. कडव्यांमध्ये मिरचीने जळणारे हात होते, टेम्पो होता, परीक्षेचा हॉल होता. आणि ध्रुवपदात फक्त त्या भावाचं नाव. मोठीमाय संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून दोघांना जेवायला ज्या चालीत हाक मारायची, त्याच चालीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून बाहेर पायरीवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग मी माझ्या हाताला जी सवय आहे ते केलं. आमच्या धंद्यात दुकानाचं नाव आलं की त्याच्यामागे प्रतिध्वनी जोडतात. साडी सेंटर, सेंटर, सेंटर. मी तो प्रतिध्वनी भावाच्या नावाला जोडला, पण हलका, लांब विरत जाणारा. नाव जंगलात जाऊन परत आल्यासारखं वाटायला लागलं. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, असंच ठेवा.

बल्लारपूरवाल्याने त्यातला तुकडा फोनवर घेतला आणि मुंबईत कोणाला तरी पाठवला. हा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. मग म्हणाला, जाऊ द्या, त्यानं वास दिला, फळ नाई दिलं. पण त्या वासावर मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. माणूस गोड बोलणारा होता. हे गाणं काढू, पुढची गाणीही आम्हीच काढू, मुंबईत राहायची सोय करू, कुरियर सोडा. मात्र आठवडाभरात गाणं हातात पाहिजे. आणि ते नाव, तो प्रतिध्वनी, सगळं त्याच्यावरच उभं आहे, त्याला हात लावू नका. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकत होते. त्याचे डोळे चमकले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला ते हवं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की त्याला हावच नव्हती. होती. चार मजले पार्सलं चढवणाऱ्या पोराला का नसावी?

तो फोनवर म्हणाला, देतो, एक डाव गावात ऐकवून येतो.

मी बरोबर गेले. माझा बॅटरीवरचा स्पीकर मी कोणाच्या हातात देत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती मोठीमाय पाहायची होती. आष्टी, आलापल्ली, एटापल्ली अशी एसटी, पुढे एका पिकअपमध्ये तांदळाच्या पोत्यांवर बसून. गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गोटुलासमोरच्या, म्हणजे गावच्या बैठकीच्या घरासमोरच्या, झाडाखाली लोक जमले. मोठीमाय पुढेच बसली होती, सुपात मोहफुलं निवडत. हात थांबत नव्हते.

गाणं सुरू झालं. पोरं हसू लागली, ओळखीचे शब्द आले की म्हातारे मान हलवू लागले. मग नाव आलं आणि लांब विरत गेलं. मोठीमायचे हात थांबले. तिने वळून रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा नाव आलं, तिने पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा ती सूप खाली ठेवून उभीच राहिली. मला बटण दाबून गाणं बंद करावंसं वाटलं, पण त्याने मला हाताने थांबवलं. गाणं पुरं झालं.

ती त्याच्याजवळ आली, त्याचं मनगट धरलं आणि माडियात हळूहळू बोलली. रागाने नव्हे. तो मान खाली घालून ऐकत होता. मी विचारलं, काय म्हणते? स्वतःला मिळालेला नकार त्याला मला मराठीत सांगावा लागला.

"म्हणते, गाणं चांगलं हाय. माही हाक बी घे, ते तुही बी होय. पण नाव काढ. म्हणते, भोंग्यातून त्याचं नाव आलं का मी रस्त्याकडं पाहीन. तू गाणं गावोगाव वाजवशील, मी किती डाव पाहू?"

परतीच्या एसटीत मी त्याचं डोकं खाल्लं. हातातोंडाशी आलेला घास आहे, म्हटलं. ती एटापल्लीच्याही पलीकडे राहते, तिला कशाला ऐकू येतंय मुंबईचं गाणं? तिला समजावून सांग, चार दिवसांनी तीच हो म्हणेल. आलापल्ली आली तेव्हा तो म्हणाला, "पंडुम म्हणजे पुसणं होय बाई. पुसलं तं नाई बी आयकावं लागते."

कंपनीच्या माणसाने एक तोडगा काढला. म्हणाला, नाव बदला, दुसरं कोणतंही घाला, चालीत बसलं की झालं. वाईट माणूस नव्हता तो, त्याला खरंच वाटलं की प्रश्न सुटला. याने विचारलं, "दुसऱ्याच्या पोराले काऊन बोलावू?" आठवडा संपला, फोन यायचे बंद झाले. हा जाकीट घालून पार्सलं वाटायला गेला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल इतकी माया वाटत होती की त्या दिवशी आलेल्या दोन गिऱ्हाइकांशी मी विनाकारण भांडले.

मग ती रिकामी जागा राहिली. नावाच्या जागी मी ढोल घालून पाहिला, बासरी घातली, त्याचं नुसतं गुणगुणणं घातलं. त्याला काही पटेना. शेवटी म्हणाला, रिकामी राहू द्या. मी म्हटलं, अरे, आमच्या धंद्यात आवाज मध्येच गेला म्हणजे मशीन बिघडली असं समजतात. त्याने ऐकलं नाही. सगळं गाणं पुन्हा म्हटलं, माईकभोवती फिरत, आणि नावाची जागा आली की जिथे असेल तिथे उभा राहायचा. तेवढा वेळ खोलीत काहीच नसायचं. मग पाऊल उचलायचा आणि पुढची ओळ यायची. पुढे ते गाणं नेटवर आलं, थोडक्या लोकांनी ऐकलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी खाली लिहिलं की नेट अटकते. मला अजून फोन येतात, बाई, तुमच्या मशीनचं पाहा जरा. तो मात्र आता गावाकडेच राहतो, दोन-तीन वर्षांनी एखादं गाणं करतो, आणि माझा फोन लागला तर आधी पावसापाण्याचं विचारतो.

पण नेटवर येण्याआधी ते गाणं पुन्हा गावात वाजलं. धान कापून झालं होतं. मी पुन्हा स्पीकर घेऊन गेले, तेच झाड, तीच माणसं. तो या खेपेला माझ्याजवळ थांबला नाही, सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. इतका घाबरलेला मी त्याला कोणत्याही स्टेजवर पाहिला नव्हता. आता ती पुन्हा नाही म्हणाली असती तर ते गाणं त्याने पुसून टाकलं असतं, आणि भावासाठी त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मोठीमाय स्पीकरसमोर बसली. पहिलं कडवं गेलं, तिची चाल आली, आणि आवाज थांबला. तिने रस्त्याकडे पाहिलं नाही. स्पीकरकडे बघत, त्या रिकाम्या जागेत, तिने आपल्या मुलाचं नाव स्वतः घेतलं. जेवायला बोलावतात तसं. दुसऱ्यांदा जागा आली तेव्हाही घेतलं, आणि तिसऱ्यांदाही. गाणं संपल्यावर तिने मला हातानेच खूण केली, पुन्हा लाव.

मी मागे पाहिलं. तो खाली बसला होता आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. मलाही रडू आलं, मी डोळे पुसले नाहीत. मी गाणं पुन्हा लावलं. तिचा आवाज फार बारीक होता, म्हणून स्पीकरचा आवाज मी कमी केला.